काच खाली ओढा

रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की आमच्या कॉलेजात कुणालाच राहवत नाही. शिपाई असो की प्राचार्य, जाता जाता दारातून हात आत घालून बटण बंद करणारच. आमच्या गोंदियाकडे ही सवय घरोघरी लागते. माझं माहेर धानाच्या गावातलं. वडील जेवता जेवता उठून दुसऱ्या खोलीतला दिवा बंद करून यायचे आणि मग पुन्हा पाटावर बसायचे. मीही तशीच आहे. नवरा अंघोळीला गेला की मी खोलीतला पंखा बंद करते आणि तो बाहेर येऊन ओरडतो. त्यामुळे या सवयीला मी नावं ठेवणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की बाबांनो, माझ्या प्रयोगशाळेतल्या फ्यूम हूडच्या पंख्याला तेवढा हात लावू नका. हे मी किती वर्षं सांगत आले, त्याची गणती नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

फ्यूम हूड म्हणजे एक मोठं कपाट. त्याला पुढे वर-खाली सरकणारी काच असते, आणि वर पंखा असतो. आत ॲसिड तापवलं, ब्रोमिनची बाटली उघडली, की निघणारी वाफ तो पंखा ओढतो आणि छपरावरच्या नळकांड्यातून बाहेर सोडतो. पंखा बंद असला की उरतं ते साधं कपाट. आणि आमचे लोक, समोर कुणी उभं नसलं की तो बंद करत. आत उघड्या झाकणाच्या बाटल्या तशाच. मग सकाळी कुलूप काढलं की जो भपकारा यायचा, तो पहिला माझ्या नाकात. कारण किल्ली माझ्याकडे.

गोंदियाजवळच्या फुलचूर गावाच्या अंगाला असलेल्या या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. फळ्यावर समीकरणं लिहिण्यात मला कधी गोडी वाटली नाही. मला आवडते ती प्रयोगशाळा. परीक्षानळीत आतून चांदीचा थर चढतो, नळीचा आरसा होतो, आणि खेड्यातून आलेली मुलगी त्यात आपलं नाक बघून खुदकन हसते. त्या हसण्यासाठी मी नोकरी केली असं म्हटलं तरी चालेल. म्हणूनच छातीच्या डॉक्टरांनी जेव्हा यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं आणि कागद बघून म्हणाले, "मॅडम, या तो लॅब की हवा बदलो, या लॅब छोडो," तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मला दिवाळीपर्यंत वेळ दिला. तेव्हा पुन्हा फुंकायचं, आणि श्वास आणखी उतरलेला दिसला तर लॅब बंद. मग फक्त फळा आणि परीक्षा विभाग.

आता माझी छाती अशी एकाएकी बिघडायला कारण काय, तर एसी. हे सांगितलं की लोक हसतात. पण झालं ते असं. आमच्याकडे पाहणीला समिती येणार होती. ती यायच्या आधी संस्थेने प्रयोगशाळेत दोन एसी बसवले. समिती आली, गार हवेत चहा प्यायली, खूश होऊन गेली. एसी राहिले. मग विजेचं बिल आलं आणि सगळ्यांनी कपाळाला हात लावला. फ्यूम हूड जेवढी हवा बाहेर फेकतं तेवढी हवा त्याला खोलीतूनच घ्यावी लागते, आणि एसीच्या खोलीत ती हवा पैसे मोजून गार केलेली असते. म्हणजे आमची चार हूडं दिवसभर गार हवा छपरावरच्या कावळ्यांना वाटत होती. यावर उपाय काय निघाला? दारावर सूचना लागली: एसी चालू असताना फ्यूम हूड बंद ठेवावे. एसी तर सतत चालू! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. त्या वर्षी मी बंद खोलीत, बंद पंख्याखाली नायट्रिक ॲसिडची प्रॅक्टिकलं घेतली आणि खोकला घेऊन घरी आले.

डॉक्टरांचा कागद घेऊन मी प्राचार्यांकडे गेले तेव्हा एक समिती नेमली गेली. कमी विजेत चालणारी वायुवीजन व्यवस्था निवडायची, असं तिचं काम. तिच्यात प्राचार्य, भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख, मी आणि संस्थेचे सचिव. सचिवांना आम्ही सगळे सेठजी म्हणतो. त्यांची राईस मिल आहे. माणूस मनाने मोठा, पण जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिलमध्ये असतं अशी त्यांची पक्की समजूत.

पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "मॅडम, इतना क्या सोचना? हमारे मिल का ब्लोअर पडा है. भुसा फेकता है वो, भुसा! आपका धुआँ क्या चीज है?"

मी म्हटलं, "सेठजी, तो लोखंडी आहे. ॲसिडच्या वाफेने गंजून जाईल. आणि इतक्या जोराची गरज नाही."

"अरे, जादा खिंचेगा तो अच्छाच है ना. और फुकट में है. दान की बछिया के दाँत नहीं गिनते, मॅडम."

भौतिकवाले सर जोरजोरात मान हलवत होते. त्यांना मी बाजूला घेऊन विचारलं, की सर, हवेचा दाब, भोवरे, हे तुमच्याच विषयात येतं ना? ते म्हणाले, "येतं ना. पण सेठजींना कायले नाराज करता?"

ब्लोअर आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आला, आणि मिलच्याच फिटरने तो छपरावर चढवला. सुरू करायच्या दिवशी सेठजी स्वतः हजर. बटण दाबलं आणि आधी टेबलावरचे गाळणकागद उडाले. ते उडत उडत हूडात शिरले आणि वर गेले. मग बर्नर विझले. मग कुणीतरी बाहेरून दार उघडायला लागलं तर दार उघडेना. आतून हवेने धरून ठेवलेलं. आवाज एवढा की बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून गेलं ते आम्हाला खिडकीतून फक्त दिसलं. सेठजी हात वर करून काहीतरी आनंदाने ओरडत होते. मी उदबत्ती पेटवली आणि काचेच्या कडेशी धरली. धूर आत गेला, आत जोराची गिरकी घेतली आणि कडेने पुन्हा बाहेर, थेट माझ्या तोंडावर. जास्त ओढ असली की असंच होतं. हवा आपटते आणि उलटी फिरते. मी खोकत खोकत ते दाखवलं.

सेठजी ब्लोअर बंद करून म्हणाले, "उदबत्ती का धुआँ तो सब तरफ जाता है, मॅडम. भगवान का है."

मी उदबत्ती विझवली.

ब्लोअरने त्या महिन्यात इतकी वीज खाल्ली की बिल बघून सेठजींनीच तो उतरवून परत नेला. पण तो गेला तो "मॅडमला पसंत पडला नाही" म्हणून. हेही माझ्या खात्यावर.

नंतर रायपूरचा एक विक्रेता आला. त्याच्याकडे नळकांडं नसलेली पेटी होती. पंखा वाफ ओढणार, आतल्या कोळशाच्या फिल्टरमधून गाळणार आणि तीच हवा खोलीत परत सोडणार. गार हवा खोलीतच! समितीच्या डोळ्यांत चांदण्या चमकल्या. मी विचारलं, फिल्टर कधी बदलायचा? तो म्हणाला, वापरावर आहे, वेळोवेळी. मी समितीला उठवलं, स्टाफरूममध्ये नेलं, आणि पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरचं झाकण उघडून आतलं शेवाळ दाखवलं. रोज ज्याचं पाणी आपण स्वतः पितो तो फिल्टर आपल्याच्याने बदलला जात नाही, तर ब्रोमिनचा कोण बदलणार? प्राचार्यांनी हातातला ग्लास हळूच खाली ठेवला. ती पेटी तिथेच बाद झाली.

शेवटी नागपूरहून एक इंजिनिअर आला. त्या सगळ्यांत हा एकटाच शहाणा. त्यानेही खिशातून उदबत्ती काढली तेव्हा मला भरून आलं. प्रयोगशाळेतून उदबत्तीचा वास येतोय म्हणून डोकावलेले प्राचार्य पूजा समजून दारात बूट काढायला लागले. इंजिनिअरने समजावलं ते सोपं होतं. त्याच्या पंख्याचा वेग काचेला जोडलेला. काच वर असेल तर पंखा जोरात फिरतो, काच खाली ओढली की हळू. काच खाली असली की वाफ अडवायला अगदी थोडी हवा पुरते आणि वीजही थोडीच लागते. रात्रीसुद्धा पंखा मंद फिरत राहणार, त्याला खोलीत बटणच नाही. चारऐवजी दोनच हूडं ठेवा आणि बाटल्यांना एक वेगळं हवेशीर कपाट द्या, म्हणजे झालं.

"मतलब बिल काँच पे है?" सेठजींनी विचारलं.

"हो जी, काँच पे."

"लेकिन एसी की हवा तो फिर भी थोडी जाएगी?"

इंजिनिअर म्हणाला, थोडी जाणारच. सेठजींनी फाईल मिटली. माझी दिवाळी डोळ्यांसमोर आली. एवढं सगळं होऊन, उदबत्त्या जाळून, ब्लोअर चढवून-उतरवून, आम्ही पुन्हा त्या दारावरच्या सूचनेपाशीच येणार होतो. माझा संताप झाला आणि संतापातच मी म्हणाले, "मग एसी काढा. दोन्ही काढा. लॅबला एसी नको."

सेठजींनी मिटलेली फाईल पुन्हा उघडली. मग सेठजींच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. एक एसी त्यांच्या केबिनमध्ये गेला, दुसरा स्टाफरूममध्ये. नागपूरची व्यवस्था मंजूर झाली. सगळं कॉलेज माझ्यावर खूश होतं.

एक माणूस सोडून. लॅबमध्ये माझ्या जोडीला दुसरी एक मॅडम आहे, आमगावकडची, माझ्याहून लहान. मला ताई म्हणते. आम्ही एकाच टेबलाशी उभ्या राहून शिकवत आलो, एकाच डब्यात जेवत आलो. ती आली ती तणतणतच.

"ताई, तुमाले काही समजते का जी? एसी काऊन देऊन टाकले?"

"माझी छाती गेली गं. डॉक्टर म्हणाले ते तुला सांगितलं ना."

"छाती तुमची, अन् उन्हात आमी भाजून राहू? मे महिन्यात प्रॅक्टिकलची परीक्षा आहे. पोरी चक्कर येऊन पडल्या का मग?"

त्या दिवसापासून तिने डबा वेगळा खायला सुरुवात केली. आणि खरं सांगते, मे महिन्यात ती बरोबर ठरली. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते ज्याने भोगलाय त्यालाच ठाऊक. नळाचं पाणी हाताला चटका देई. मुलींच्या ॲप्रनच्या पाठी भिजून अंगाला चिकटत. माझी बाजू खरी होती, तरी मला त्या मुलींकडे बघवेना.

तिने एक दिवस घरून कूलर आणला आणि खिडकीत लावला. कूलरचा झोत बरोबर हूडाच्या तोंडावर. मी उदबत्ती धरली. झोताने आतला धूर फरफरत बाहेर काढला.

"कूलर काढ."

"नाही काढत."

"अगं, आतली वाफ बाहेर फेकतोय तो. मुलींच्या नाकात जाईल."

"ताई, तुमी आता उदबत्ती घेऊन फिरणाऱ्या बुवा झाल्या," ती म्हणाली. मुली हसल्या. मी स्वतः कूलरची वायर ओढली. मला राग होता आणि लाजही वाटत होती, पण कूलर काढला.

आणि यानंतर जे झालं त्याचा विचार नागपूरच्या इंजिनिअरने केला नव्हता, मीही नाही. भर उकाड्यात त्या सबंध खोलीत हवा हलायची अशी एकच जागा होती: हूडाच्या तोंडापाशी. तिथे उभं राहिलं की हवा पाठीवरून सरसरत आत जायची. मुलींना ते बरोबर कळलं. मी बाजूच्या खोलीतून आले तर सगळा घोळका हूडांपुढे. काचा पार वर, पंखे पूर्ण जोरात, आणि एक जण मानेवरची वेणी बाजूला धरून डोकं आत घालून उभी. बाजूला ब्रोमिनचं पाणी उघडं. काच वर राहिली की पिपाणी वाजायची सोय होती. तिच्यात कापसाचा बोळा.

"हे काय चाललंय?"

"मॅडम, इथं मस्त हवा येऊन राहिली!"

मी ओरडले. असं ओरडले की व्हरांड्यातले लोक जमा झाले. ज्या हवेने तुमचा जीव वाचावा म्हणून मी सगळ्यांशी वैर घेतलं, तिच्याच तोंडात तुम्ही डोकं घालता? ओरडता ओरडता मला खोकल्याची उबळ आली आणि बोलणं तिथेच थांबलं. एका मुलीने पाणी आणलं.  त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना वारा हवा होता.

मग मी सुताराला बोलावून दोन्ही काचांच्या खाचेत छातीच्या उंचीवर लाकडी अडसर ठोकून घेतला. काच त्याच्या वर जाईना. प्रॅक्टिकलची वेळ सकाळी लवकरची करून घेतली. त्यासाठी प्राचार्यांच्या दारात दोन वेळा बसले. सेठजींच्या केबिनमधून गार हवा व्हरांड्यात येत होती, तिथेच बसले. आणि रोज, प्रत्येक बॅचला, हूडाशेजारी उभी राहून एकच वाक्य म्हणत गेले: काच खाली ओढा. मुली माझी नक्कल करायच्या. पण करता करता काचा खाली ओढू लागल्या. सकाळी कुलूप काढल्यावर भपकारा येईनासा झाला. बिल उतरलं. सेठजी नागझिऱ्याच्या जंगलात आलेल्या पाहुण्यांनासुद्धा वाट वाकडी करून आमची हूडं दाखवायला आणू लागले, आणि सांगू लागले की निवड त्यांची.

माझ्या जोडीदारणीचा डबा मात्र वेगळाच राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत मी डॉक्टरांकडे गेले. नळी तोंडात धरली. जोर लावून फुंकलं. डॉक्टरांनी नवा कागद जुन्या कागदाशेजारी ठेवला, दोन्हींवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "गिरा नहीं है, मॅडम. जितना था, उतना है." मी विचारलं, सुधारलं नाही? ते म्हणाले, जे गेलं ते येत नसतं, पण आता जात नाहीये. लॅब चालू ठेवा. मी बाहेर आले आणि स्कूटीवर बसून रडले. लॅब राहिली म्हणून आनंद होता, आणि जे गेलं ते गेलंच, याचा संतापही होता.

सुट्टी संपल्यावर मी लॅबमध्ये आले तेव्हा ती बीकर धुवत होती. मी तिला सांगितलं. आवाज थोडा चढलाच माझा. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं. "बघ, श्वास टिकला. आता बोल एसीबद्दल."

तिने नळ बंद केला. "बरं झालं जी ताई," म्हणाली. मग हात ॲप्रनला पुसत बसली. कोरडे झाले तरी पुसतच होती.

"त्या डॉक्टरकडे नंबर लावा लागते का? का असंच गेलं तरी पायते?"

"कुणासाठी?"

"मलेच."

मी हातातली किल्ली टेबलावर ठेवली.

"जिना चढली का दम लागते," ती म्हणाली. "अन् रात्री आडवी झाली का छातीत शिट्टी वाजते. दोन वर्षं झाले असन."

"मग मले काऊन नाही सांगितलं?" मी ओरडले, तिच्याच बोलीत. माहेरची बोली रागात आपोआप येते.

"सांगितलं असतं तर तुमी मले एसीसाठी भांडू देलं असतं का?"

मला हसू फुटलं आणि त्याच दमात रडू. एकच टेबल, एकच हवा, सारखीच वर्षं. मी आपल्या एकटीच्या छातीसाठी जगाशी भांडतेय असं समजून चालले होते, आणि ही शेजारी उभी राहून माझ्याशी भांडत होती.

दुपारची बॅच आम्ही पुढे ढकलली. तिला म्हटलं, ॲप्रन काढ. स्कूटीवर मागे बसवलं. रेल्वे फाटक बंद होतं, गाडी यायची होती. मागून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "ताई, ते नळीत फुंका लागते, ते दुखते का जी?"

मी "नाही" म्हटलं.